आधी दिवा, मग डिमर

पुतणी : काका, हॉलच्या बोर्डात स्मार्ट डिमर बसवायचाय. मोबाइलवरून उजेड कमी-जास्त करता येईल. ॲप कुणाचं चांगलं, तेवढं सांगा.

काका : ॲपचं मागाहून बघू. डिमरची निवड दिव्यापासून सुरू करायची. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे तिची लाट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. डिमर यातल्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापतो. जुने, ट्रायक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारे, पुढची बाजू कापतात, ट्रेलिंग एजवाले मागची. जुन्या पिवळ्या बल्बला दोन्ही सारखेच, कारण त्याची तापलेली तार तेवढ्या क्षणात निवत नाही. एलईडीत तार नाही, ड्रायव्हर आहे, आणि त्याच्या तोंडाशी बहुधा कपॅसिटर. लाटेची पुढची बाजू कापली की वीज एकदम उंचीवरूनच आत शिरते, कपॅसिटरला दर वेळी धक्का बसतो, आणि दिवा गुणगुणतो, फडफडतो. मागची बाजू कापली तर चढ शून्यापासून सावकाश होतो. म्हणून एलईडीला शक्यतो ट्रेलिंग एजच घे.

पुतणी : पण ट्रायकवाला स्वस्त पडतो, आणि त्यावर 400 वॅट लिहिलेलं असतं. आपले नऊ-नऊ वॅटचे चारच दिवे!

काका : अडचण तिथेच आहे. कमाल वॅट सगळे बघतात, किमान कुणी बघत नाही. तुझे चार मिळून 36 वॅट, आणि मंद केल्यावर त्याहून कमी. ट्रायकला चालू राहायला ठरावीक करंट लागतो, तो मिळाला नाही की तो मध्येच सुटतो. किमान 40 वॅट लिहिलेल्या डिमरवर तुझे दिवे बसतच नाहीत. आणि दिव्याच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल, तर महागातला डिमरही कामाचा नाही.

पुतणी : त्यापेक्षा स्मार्ट बल्बच लावले तर? वायरिंगला हात लावायलाच नको.

काका : टेबललॅम्पला ते उत्तम. हॉलमध्ये मात्र येता-जाता कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद करणारच, आणि बल्बची वीज तुटली की मोबाइल काय करणार? घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात बटणाकडेच जातो, आणि त्यानेच दिवा लागला पाहिजे. म्हणून इंटरनेट बंद असतानाही बटणावर चालणाराच डिमर घ्यायचा. वीज जाऊन परत आली की तो दिवे आपोआप पेटवतो का, हेही दुकानात विचार. मध्यरात्री लख्ख उजेडाने जाग यायला नको.

पुतणी : आणि वायरिंगचं काय?

काका : न्यूट्रल. साध्या स्विचला फेज पुरते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. पण स्मार्ट डिमरमधलं सर्किट दिवा बंद असतानाही जागं असतं, त्याला स्वतःची वीज लागते. न्यूट्रलशिवाय चालणारे डिमर ती दिव्यातूनच ओढतात. मग बंद केलेला एलईडी अंधारात मिणमिणतो आणि ती वीज बाजूने वळवायला दिव्यापाशी बायपास जोडावा लागतो. बोर्डात प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथे आलेली असतेच, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याचदा सोपा असतो. काळी वायर म्हणजे न्यूट्रल, असं मात्र गृहीत धरू नकोस. जुन्या घरांत रंगांचा भरवसा नसतो. वायरमनकडून तपासून घे, आणि एमसीबी पाडल्याशिवाय त्याला बोर्ड उघडू देऊ नकोस. सगळ्या खोल्यांचे डिमर एकदम आणू नकोस. एकच आण, तुझ्याच दिव्यांवर लाव आणि रात्री अगदी मंद उजेडावर तासभर ठेवून बघ. फडफड नसेल, तर बाकीचे घे.