उशी नको, पाठीचा बूस्टर घ्या

प्रश्न : आम्ही दर पंधरवड्याला नांदेडहून लातूरला माहेरी कारने जातो. मुलगी पाच वर्षांची, वजन १७ किलो. सीटबेल्ट तिच्या गळ्याला काचतो म्हणून उशी देऊन बसवते. सासूबाई म्हणतात, मांडीवरच घे. बूस्टर सीट खरंच लागते का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : ताई, सासूबाईंची माया समजते, पण जोरात ब्रेक लागला की मूल हातात धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. उशीही दबते, सरकते आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. पोटाला खरी इजा तिथेच होते.

तिच्यासाठी पाठ असलेला बूस्टर घ्या. डोक्याला बाजूने आधार मिळतो, डुलकी लागली तरी मान लोंबत नाही. बिनपाठीचा बूस्टर उंची १२५ सेंटिमीटर झाल्यावर. लेबलवर आर-४४ किंवा आर-१२९ मानक पाहा. विकत घेण्याआधी मुलीला तुमच्याच गाडीत, मागच्या सीटवर बसवून बघा : वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि कमरेचा पट्टा खाली, जांघेलगत मांड्यांवर बसायला हवा. जिथे फक्त कमरेचा पट्टा आहे, तिथे बूस्टर लावू नका. अपघातातली जुनी सीट फुकट मिळाली तरी नको.

आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल चांगलंच चटका देतं. आधी हात लावून बघा. अहमदपूरला थांबून तिला पाय मोकळे करू द्या, कुरकुर कमी होईल.

आणि हो, २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे.