पाठ १२ : ओहोटीच्या वेळी

समुद्रातले प्राणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेक देवमासा, शार्क, नाहीतर डॉल्फिन. ते बघायचे तर बोट हवी आणि नशीबही हवं. या पाठातले प्राणी बघायला पोहतासुद्धा यावं लागत नाही. खडकावर उकिडवं बसता आलं आणि पाच मिनिटं गप्प राहता आलं, की झालं. (दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.)

समुद्राचं पाणी दिवसातून साधारण दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. चंद्र आणि सूर्य पाण्याला ओढतात म्हणून हे होतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला दोघांची ओढ एका रेषेत येते. मग पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं. याला उधाण म्हणतात. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे तुमच्या घराच्या एका मजल्यापेक्षाही जास्त!

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. आज चतुर्थी आहे? चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती साधारण तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. त्यातून सव्वासहा तास मागे या : ओहोटी सकाळी पावणेनऊच्या आसपास. हिशेब अगदी काटेकोर नाही, पण भिंतीवर कालनिर्णय आणि डोक्यात पाऊणकीचा पाढा असला की काम भागायचं.

हा हिशेब मुंबई-कोकणापुरता आहे बरं का! तुमच्या गावाला तो लागू होणार नाही. कॅनडातल्या बे ऑफ फंडीत पाणी तब्बल १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. टेक्सासच्या किनाऱ्यावर बऱ्याच दिवशी भरती एकदाच येते. आणि इस्राएलच्या भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर फरक जेमतेम फूट-दीड फुटाचा असतो. तुमच्या जवळच्या किनाऱ्याचं वेळापत्रक इंटरनेटवर सहज मिळेल.

आता मुद्द्याकडे येऊ. भरती आणि ओहोटीच्या रेषांमध्ये जो खडकाळ पट्टा आहे, तो अर्धा दिवस समुद्र असतो आणि अर्धा दिवस जमीन. तिथे राहणाऱ्यांचा विचार करा. दुपारी खडक तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात खाऱ्या डबक्यात एकदम गोडं पाणी कोसळतं. लाटा तर आपटतच असतात. ओहोटीला पक्षी खायला येतात, भरतीला मासे. इतक्या त्रासाच्या जागी कोण राहील? पण तिथे पाय ठेवायला जागा नसते, एवढी गर्दी आहे.

सगळ्यात वर, जिथे फक्त लाटांचे तुषार पोहोचतात, तिथे छोट्या गोगलगायी असतात. पाणी गेलं की त्या शंखाचं झाकण घट्ट लावून बसतात. त्याखाली बार्नॅकल. हे दिसतात पांढऱ्या खरखरीत पुटकुळ्यांसारखे, पण कोळंबी-खेकड्यांचे नातेवाईक आहेत. बार्नॅकल लहानपणी पोहतो, मग एक जागा पसंत करून डोकं खडकाला चिकटवतो आणि जन्मभर पाय हलवून अन्न पकडतो. उलटा उभा राहून पायांनी जेवणारा प्राणी! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. त्यांच्या सोबतीला कालवं. ओहोटी लागली की कोळणी टोकदार हत्यार घेऊन खडकावर बसतात आणि एकेक कालव फोडून आतलं मांस काढतात. अजून खाली, जिथे खडक थोडाच वेळ उघडा पडतो, तिथे खरे रंग दिसतात : स्पंज, प्रवाळ, समुद्रफुलं. समुद्रफूल हे फूल नव्हे, प्राणी आहे. पाण्यात असताना पाकळ्यांसारखे हात पसरतं, पाणी गेलं की सगळं आत ओढून जेलीच्या गोळ्यासारखं होतं.

आणि हे सगळं कुठे दूर बेटावर नाही. मुंबईत, हाजी अली आणि जुहूच्या खडकांवर आहे, जिथून बस आणि टॅक्सीचे हॉर्न ऐकू येतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेतो आणि हे जीव दाखवतो. जन्मभर मुंबईत राहिलेली माणसं तिथे ऑक्टोपस बघून तोंडात बोट घालतात. भारतात प्रवाळांना कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. म्हणून मुंबईचा कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं आधी उचलून कुलाब्याकडे न्यावी लागली.

या पट्ट्यातला माझा आवडता प्राणी म्हणजे शंखात राहणारा खेकडा, हर्मिट क्रॅब. त्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि पाठीवर घर घेऊन फिरतो. वाढला की घर अपुरं पडतं. मग गंमत होते. एक मोठा शंख रिकामा सापडला की कधी कधी त्याच्याजवळ खेकडे मोठ्यापासून छोट्यापर्यंत रांगेत जमतात. सगळ्यात मोठा नव्या घरात शिरतो, दुसरा त्याच्या जुन्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. मुंबईत घर बदलण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं.

मी सहावीत असताना आम्ही गुहागरला गेलो होतो. मी खिसा भरून शंख गोळा केले आणि रात्री रिकाम्या डब्यात ठेवले. सकाळी आईने डबा उघडला तर वास! एका शंखातून बारीक पाय बाहेर लोंबत होते. “अरे, हा जिवंत होता रे,” एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तो डबा मी परत कधी वापरला नाही.

एका खेकड्याने काय फरक पडतो, असं तुम्ही विचाराल. याच प्रश्नावर एका माणसाने मोठा प्रयोग केला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर १९६३ साली रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने खडकाचा एक छोटा पट्टा निवडला. तिथे पंधरा जातींचे जीव राहत होते. त्यांतला एकच त्याने काढला : पिसास्टर नावाचा तारामासा. पहारीने उचकटायचा आणि समुद्रात भिरकावायचा. पुन्हा आला की पुन्हा. शेजारचा पट्टा त्याने जसाच्या तसा ठेवला.

तारामासा तर सगळ्यांना खाणारा. तो गेल्यावर बाकीच्यांची चंगळ व्हायला हवी, नाही का? झालं उलटंच. तारामाशाचं आवडतं खाणं म्हणजे मसल नावाचे काळे शिंपले. त्यांना खाणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते पसरले आणि इतरांना जागाच उरली नाही. पंधराच्या आठ जाती झाल्या. शेजारच्या पट्ट्यात मात्र सगळं पूर्वीसारखं. पेनने अशा प्राण्याला पुढे ‘कीस्टोन’ जातीचं नाव दिलं. कीस्टोन म्हणजे कमानीच्या मधोमध बसवलेला दगड, जो काढला की कमान कोसळते. आम्ही कॉम्प्युटरवाले असं अधूनमधून करतो : ही फाइल कोण वापरतंय, म्हणून उडवतो आणि दुसऱ्या दिवशी भलतंच काहीतरी बंद पडतं. पण आमची फाइल परत आणता येते.

तेव्हा या सुट्टीत किनाऱ्यावर गेलात तर घरच्या मोठ्या माणसांबरोबर जा. पाणी उतरत असताना जा, चढायला लागलं की परत फिरा. लाटेकडे पाठ करू नका. पाय मोकळ्या खडकावर ठेवा, जिवांवर नको. दगड उलटून बघितलात तर हळूच पुन्हा होता तसाच ठेवा, कारण खालच्या ओल्या बाजूला राहणारे जीव उन्हात काही वेळातच सुकतात. शंख उचललात तर आधी आत डोकावा. आणि रिकामा निघाला तरी, रांगेतले खेकडे आठवतात ना?

शब्दार्थ
तिथी – चंद्राच्या कलेप्रमाणे मोजलेला दिवस
पाऊणकी – पाऊण या संख्येचा पाढा
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
पहार – जड लोखंडी दांडा
तोंडात बोट घालणे – खूप आश्चर्य वाटणे

स्वाध्याय
१. आज अष्टमी आहे. कोकणातल्या हिशेबाने भरती किती वाजता? आजी-आजोबांना फोन करून विचारा, त्यांना हा हिशेब येतो का.
२. पेनने शेजारचा पट्टा तसाच का ठेवला असेल?
३. “ओरडली असती तर बरं वाटलं असतं,” असं लेखकाला का वाटलं? तुमच्या शब्दांत पाच ओळी लिहा.
४. तुमच्या गावाजवळ समुद्र नसेल तर तळं, ओढा किंवा अंगणातला एक दगड निवडा. त्याच्या आसपास दहा मिनिटांत किती प्रकारचे जीव दिसले? मराठी नाव येत नसेल तर चित्र काढून वर्गात आणा, आपण मिळून नाव शोधू.