दप्तरातील एक ओळ

श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यापलीकडील नावे फारच थोड्यांना ठाऊक असतात. ज्यांनी विहीर खणली, घर बांधले, दुष्काळात मुलेबाळे जगवली, ती माणसे तीन पिढ्या लोटल्या की घराच्या आठवणीतून निघून जातात. स्त्रियांच्या बाबतीत तर हे विस्मरण अधिकच लवकर घडते. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा ओळखीखाली त्यांचे स्वतःचे नाव झाकून जाते. परंतु घर जे विसरते, ते दप्तर पुष्कळदा विसरत नाही. कोठे तरी एखाद्या जीर्ण वहीत त्या माणसासाठी लिहिलेली एक ओळ शिल्लक असते, आणि बहुधा ती त्याच्या मृत्यूची नोंद असते.

पुणे जिल्ह्यातील एका गावात, सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने शाळेसाठी आपल्या घराण्याचा वंशवृक्ष काढावयास घेतला. चार पिढ्यांतील पुरुषांची नावे सहज मिळाली. पण तिच्या आजोबांच्या आजीची जागा रिकामी राहिली. तिने आजोबांना विचारले, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले.

"बाळ, माझे वडील सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली," ते म्हणाले. "दसऱ्याचे दिवस होते आणि गावात प्लेग होता, एवढेच ते सांगत. नाव त्यांनी कधी घेतले नाही, आणि त्यांचे डोळे भरून येत म्हणून आम्हीही कधी विचारले नाही."

"मग आता कुणाला विचारायचे, आजोबा?"

"सांगणारे कुणी उरले नाही. आता कागदांनाच विचारले पाहिजे."

शोधाचा पहिला नियम असा, की जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा आणि एकेक पायरी मागे जावे. घरातील ट्रंकेत आजोबांच्या वडिलांचा शाळेचा दाखला होता. त्यात जन्माचे वर्ष 1912 असे होते. ते सहा वर्षांचे असताना आई वारली, म्हणजे ते साल 1918 असावे. परंतु पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने सांगितली जाई. म्हणून एकाच वर्षावर भिस्त न ठेवता 1917 ते 1919 या तिन्ही वर्षांच्या नोंदी पाहावयाच्या, असे नातीने व आजोबांनी ठरविले.

आता प्रश्न होता, त्या काळच्या मृत्यूच्या नोंदी सापडाव्यात कोठे? आज गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत मृत्यूची नोंद होते. सर्व देशाला लागू असलेला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 साली झाला. त्यापूर्वी खेड्यापाड्यांतून हे काम गावकामगारांकडे असे. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाच्या घरी मृत्यू झाला, याची खबर कोतवाल आणीत असे आणि ती वहीत उतरली जाई. म्हणून या वहीला लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. दिनांक, नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण अशा रकान्यांत गावाचे सुखदुःख त्यात मांडलेले असते. अशा जुन्या वह्या पुष्कळ ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या आहेत. अर्ज केल्यास त्यातील नोंदीची नक्कल मिळू शकते.

अर्ज केल्यावर काही दिवसांनी ती वही आजोबांच्या पुढे आली. पण नातीला त्यातील एक अक्षरही वाचता येईना. वही मोडी लिपीत होती. एके काळी महाराष्ट्रातील बहुतेक दप्तर मोडीत लिहिले जाई. आधी वरची रेघ ओढून घ्यावयाची आणि मग हात फारसा न उचलता अक्षराला अक्षर जोडीत जावयाचे, अशी तिची धाटणी. लिहिणाऱ्याला ती सोयीची होती. परंतु तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्दही एकमेकांना चिकटतात. त्यामुळे वाचणाऱ्याला सराव लागतो. सुदैवाने त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ मोडी जाणणारे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि बोटाने ओळ धरून वाचावयास सुरुवात केली.

1917 सालच्या पानांत काही मिळाले नाही. 1918 च्या उन्हाळ्यापर्यंत महिन्याला चार-पाच ओळी होत्या. पुढे ऑक्टोबर महिना आला आणि ओळींमागून ओळी सुरू झाल्या. लिहिणाऱ्याचे अक्षर घाईचे झाले होते. कारणाच्या रकान्यात 'ताप', पुन्हा 'ताप', पुन्हा 'ताप' असा एकच शब्द उतरत गेला होता. एका घरची तीन माणसे एका आठवड्यात गेलेली दिसत होती. वाचणारे गृहस्थ मध्येच थांबले. नातीने काही विचारले नाही.

तो प्लेग नव्हता. प्लेगची साथ मुंबईत 1896 साली आली आणि पुढे अनेक वर्षे ती महाराष्ट्राला छळीत राहिली. त्यामुळे कोणत्याही साथीला 'प्लेग' म्हणण्याची सवय लोकांना जडली असेल. परंतु 1918 च्या शरद ऋतूतील ही साथ इन्फ्लुएंझाची होती. ती जूनमध्ये मुंबईत दिसली, सप्टेंबरपासून अधिक उग्र रूपाने परतली आणि खेडोपाडी पसरली. तीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तरण्याताठ्या माणसांना तिने अधिक ग्रासले, आणि अशी कित्येक माणसे दप्तरात केवळ 'ताप' या एका शब्दाखाली नोंदली गेली. घराच्या आठवणीत दसरा बरोबर होता, मुलाचे वय बरोबर होते. फक्त रोगाचे नाव बदलले होते. ऐकीव हकिकतीत खरे आणि चुकीचे असे एकत्र मिसळलेले असते. ते वेगळे करणे हेच कागदाचे काम होय.

त्या पानावर शेवटी ती ओळ सापडली. आडनाव तेच, पतीचे नाव तेच, वय वर्षे पंचवीस, कारण ताप. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी त्या स्त्रीचे नाव उच्चारले, तेव्हा आजोबा चमकले.

"हे तर आमच्या आक्कांचे नाव!" ते म्हणाले.

आजोबांच्या वडिलांनी आईचे नाव कधी घेतले नव्हते, असे सर्वांना वाटत होते. पण पहिली मुलगी झाली, तेव्हा त्यांनी तिला आपल्या आईचेच नाव ठेवले होते. पुढे उभा जन्म त्यांनी ते नाव दिवसातून दहा वेळा घेतले, आणि ते कोणाचे हे कोणालाही कळले नाही.

तथापि नाव जुळले म्हणजे शोध संपला, असे नव्हे. एकाच गावात एकाच आडनावाची अनेक घरे असतात. पतीपत्नींची नावेही जुळू शकतात. म्हणून एका पुराव्याला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. असा आधार देणाऱ्या वह्या नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया यांसारख्या तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या घरी असतात. यात्रेकरू अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी आला, की त्याचे, त्याच्या वडीलधाऱ्यांचे व मुलाबाळांचे नाव उपाध्याय आपल्या नामावळीत लिहून ठेवीत. या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात.

आजोबा नातीसह नाशिकला गोदावरीच्या काठी गेले. उपाध्यायांनी दोनच प्रश्न विचारले, "आडनाव कोणते? मूळ गाव कोणते?" थोड्या वेळाने एक लांब वही उघडली गेली. शके 1841 च्या चैत्रात त्या घरचा एक पुरुष पत्नीच्या श्राद्धासाठी आल्याची नोंद तीत होती. शकाच्या आकड्यात 78 मिळविले, की इसवी सन येतो. मात्र पौषापासून फाल्गुनापर्यंत, नवे इसवी वर्ष लागलेले असल्यास, 79 मिळवावे लागतात. चैत्र शके 1841 म्हणजे 1919 चा वसंत. मृत्यूनंतर जेमतेम सहा महिने. पत्नीचे नाव कोतवाल बुकातलेच होते. खाली सोबत आलेल्या लहान मुलाचेही नाव होते. ते आजोबांच्या वडिलांचे होते. आता शंका उरली नाही.

प्रत्येक घराला हाच मार्ग उपयोगी पडेल असे नाही. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमधील दफनाच्या नोंदींचा आधार मिळतो, तर कित्येकांना कबरीवरील व समाधीवरील लेखांचा. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर जमिनीवर वारसांची नावे लागतात. सातबाऱ्यावरील फेरफाराचा क्रमांक घेऊन मागे गेल्यास मृत खातेदाराची आणि त्याच्या मुलांची नावे हाती येतात. परदेशी लढाईत पडलेल्या शिपायाची नोंद गावच्या वहीत नसण्याचाच संभव अधिक. पण 1917 साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाच्या याद्यांत अशा पुष्कळ शिपायांच्या नावापुढे पित्याचे नाव आणि गाव दिलेले आढळते.

शहरात राहिलेल्या माणसांची निधनवृत्ते वर्तमानपत्रांतून येत. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' 1849 पासून 1951 पर्यंत चालला. 'केसरी' 1881 साली निघाला. अशा पत्रांचे जुने अंक मोठ्या ग्रंथसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. निधनवृत्तात मृताचा व्यवसाय, मूळ गाव आणि मागे राहिलेला परिवार यांची माहिती एकत्र मिळते, हा त्याचा मोठा गुण. परंतु ते शोकाकुल आप्तांच्या सांगण्यावरून घाईने लिहिलेले असते. त्यातील वय आणि तारखा पारखून घ्याव्या लागतात. शिवाय वर्तमानपत्रात जागा मिळे ती थोड्यांना. कोतवालाच्या वहीत मात्र पाटलाच्या शेजारी मजूर आणि वृद्धाच्या शेजारी तान्हे मूल, सर्वांना सारखीच एक ओळ मिळे.

या वह्यांचा कागद आता पिवळा पडला आहे, कित्येकांना कसर लागली आहे, आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. एक पान गळाले, की त्यावरील माणसे दुसऱ्यांदा नाहीशी होतात. म्हणून जुने कागद जपावेत, ते पाहताना हात स्वच्छ ठेवावेत, त्यांवर खुणा करू नयेत. तसेच आज घरात मृत्यू झाल्यास एकवीस दिवसांच्या आत त्याची नोंद करावी आणि नाव, वय, गाव अचूक सांगावे. दुःखाच्या प्रसंगी हे काम रुक्ष वाटते; परंतु शंभर वर्षांनी शोधावयास येणाऱ्या एखाद्या मुलीसाठी तीच ओळ शिल्लक राहणार असते.

घरी परतल्यावर नातीने वंशवृक्षातील रिकाम्या जागी ते नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले. त्याखाली तिने लिहिले, 'मृत्यू ऑक्टोबर 1918. नोंद कोतवाल बुकात व नाशिकच्या नामावळीत पाहिली.' आजोबांनी तो कागद हातात घेतला आणि आक्कांना दाखवावयास नेला.

शब्दार्थ

दप्तर : कार्यालयातील कागदपत्रे व वह्या. भिस्त : भरवसा. नक्कल : मूळ लेखाची प्रत. धाटणी : पद्धत, ठेवण. नामावळी : नावांची यादी असलेली वही. कसर : कागद खाणारा बारीक किडा.

स्वाध्याय

1. वंशवृक्षातील कोणती जागा रिकामी होती? ती तशी का राहिली?
2. नातीने व आजोबांनी एकाच वर्षाऐवजी तीन वर्षांच्या नोंदी पाहण्याचे का ठरविले?
3. घरातील आठवणीत काय खरे होते व काय चुकीचे होते?
4. कोतवाल बुकात नाव सापडल्यावरही नाशिकला जाण्याची गरज का भासली?
5. 'एक पान गळाले, की त्यावरील माणसे दुसऱ्यांदा नाहीशी होतात.' या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
6. चैत्र शके 1822 आणि फाल्गुन शके 1822 यांची इसवी वर्षे काढा.
7. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून आपल्या घराण्याच्या चार पिढ्यांतील स्त्री-पुरुषांची नावे लिहा. प्रत्येक नाव कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदात पाहिले, तेही नमूद करा.