पाढा कोठे संपतो?

आमच्या वसतिगृहात सकाळच्या वंदनेनंतर मुले एका सुरात पाढे म्हणतात. या पाठांतराचे मोल आम्ही जाणतो. तथापि ‘९१ ही मूळ संख्या आहे काय?’ असे विचारताच बहुतेकांचे उत्तर ‘होय’ असे येते. ही चूक आळसातून होत नाही. तिचे मूळ आमच्या शिकविण्यातच आहे.

पाढा म्हणजे एखाद्या संख्येच्या विभाज्यांची क्रमवार मांडणी होय. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. दोहोंहून अधिक विभाजक असल्यास ती संयुक्त संख्या. १ ला एकच विभाजक असल्याने ती मूळही नव्हे आणि संयुक्तही नव्हे.

साताचा पाढा आम्ही सत्तरावर थांबवितो. मुलाला वाटते, सातही तेथेच थांबला. वस्तुतः पाढा संपतो, विभाज्य संपत नाहीत. सत्तरापुढे ७७, ८४, ९१ ही रांग चालूच राहते. तेराच्या पाढ्यात ९१ भेटते खरे. पण तेथे भेटलेली संख्या सातचीही आहे, हे कोणी सांगितलेले नसते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिस याच्या नावाने ओळखली जाणारी चाळणी येथे उपयोगी पडते. १ ते १०० संख्या लिहाव्यात. १ खोडावा. २ ठेवून त्याचे पुढील सर्व विभाज्य खोडावेत. मग ३, ५ व ७ यांचेही तसेच करावे. साताची पाळी येईपर्यंत त्याच्यासाठी ४९, ७७ व ९१ या तीनच संख्या उरलेल्या असतात. त्या खोडल्यावर २५ मूळ संख्या शिल्लक राहतात.

सातवरच का थांबावे? शंभरपर्यंतची संयुक्त संख्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणून मांडली, तर दोन्ही अवयव दहाहून मोठे असू शकत नाहीत; कारण ११ × ११ = १२१. म्हणजे एक अवयव दहा किंवा त्याहून लहान असणारच, आणि दहापर्यंतच्या मूळ संख्या २, ३, ५ व ७ एवढ्याच आहेत. याच कारणाने १२० पर्यंत हेच चार विभाजक पुरतात.

विद्यार्थ्यांनी १०१ ते १२० मधील मूळ संख्या स्वतः शोधाव्यात. त्या पाच आहेत. ११९ पाशी मात्र सावध राहावे.

केवळ परंपरेने चालत आले किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना केला. पाढे मुखोद्गत असावेतच. पण ९१ समोर येताच सातने भागून पाहणारा विद्यार्थी घडला, तरच आमचे शिकविणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.