अथेनाचे खांब, चर्चच्या भिंती

अनघा : काका, सिसिलीला जायचं ठरलंय. सिराकुझाला एकच दिवस मिळतोय. गाईड घेऊ का?

काका : ऑर्तीजापुरता तरी नको. सिराकुझाचा सगळ्यात जुना भाग म्हणजे पुलांनी जोडलेलं हे बेट, लांबी साधारण एक किलोमीटर. रस्ता चुकलीस तरी थोड्याच वेळात समुद्र लागतो. फक्त सुरुवात उत्तरेकडून कर, पूल ओलांडल्यावर लागणाऱ्या अपोलोच्या देवळापासून.

अनघा : फोटो पाहिलेत. दोन-चार खांब आणि पडके दगड!

काका : तेच आधी बघ. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं देऊळ आहे ते. मोठी देवळं दगडात बांधायला ग्रीक तेव्हा नुकते लागले होते. खांब जाडजूड, एकमेकांना खेटून, आणि प्रत्येक खांब एका अखंड दगडातला. ते नीट पाहून मगच दुओमोच्या चौकात जा.

अनघा : दुओमो म्हणजे कॅथीड्रल ना? ते तर बरोक शैलीतलं, अठराव्या शतकातलं.

काका : दर्शनी भाग तेवढा. जुना 1693च्या भूकंपात कोसळला, मग वास्तुकार आंद्रेआ पाल्माने नवा रचला. लोक तो बघतात आणि थेट आत शिरतात. तू आधी डावीकडच्या व्हिया मिनर्व्हा या गल्लीत वळ. चर्चच्या भिंतीतून डोरिक खांब अर्धे बाहेर आलेले दिसतील. ते अथेनाच्या देवळाचे. इ.स.पू. 480मध्ये हिमेराच्या लढाईत कार्थेजचा पराभव केल्यावर सिराकुझाचा सत्ताधीश गेलॉन याने ते बांधायला घेतलं.

अनघा : म्हणजे देऊळ पाडून चर्च बांधलं?

काका : पाडलं असतं तर खांब कुठून दिसले असते? सातव्या शतकात देवळाचंच चर्च केलं. खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बुजवल्या आणि गाभाऱ्याच्या भरीव भिंतींत कमानी कोरल्या. गाभारा झाला चर्चचा मधला भाग, भोवतीचा प्रदक्षिणामार्ग झाला बाजूच्या ओवऱ्या. पूर्वेचं प्रवेशद्वार पश्चिमेला गेलं. 878मध्ये अरबांनी शहर जिंकलं तेव्हा तिथे मशीद झाली, नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च. वापर कधी थांबला नाही, म्हणून छप्पर टिकलं आणि छपराखालचे खांबही.

अनघा : मग अपोलोच्या देवळाची अशी दशा का?

काका : तेही चर्च झालं, मशीद झाली, स्पॅनिश सैनिकांची बराकही झाली. विसाव्या शतकात उत्खनन करताना नंतरची बांधकामं काढून ग्रीक अवशेष मोकळे केले. त्यामुळे ग्रीक भाग स्वच्छ दिसतो, हे खरं. पण मधल्या हजार-दीड हजार वर्षांची माणसं तिथून पुसली गेली, याचं मला वाईट वाटतं. दुओमोच्या भिंतीत ती सगळी एकत्र भेटतात. तिथे तासभर तरी दे.

अनघा : पुढे?

काका : उतरत पश्चिम किनाऱ्याला ये. अरेथूसाचा झरा आहे, समुद्राला लागूनच, तरी गोड्या पाण्याचा. डोंगरातल्या चुनखडीत मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून इथे वर येतं. ग्रीकांनी त्याची कथा केली : अल्फिऑस नदीपासून पळालेली अप्सरा समुद्राखालून येऊन इथे झरा झाली, आणि तो नदही मागोमाग आला. दोन्ही बाजूंना बंदर आणि हाताशी गोडं पाणी. कोरिंथहून आलेल्यांनी वसाहतीला हीच जागा का निवडली, ते इथे उभं राहिलं की कळतं. झऱ्यात पपायरस वाढतो, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातला. दक्षिण टोकाला सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा तेराव्या शतकातला ‘मानियाचे’ किल्ला आहे.

अनघा : आणि परत त्याच वाटेने?

काका : नाही, पूर्वेकडच्या ज्यूदेक्कामधून ये, जुन्या ज्यू वस्तीतून. स्पेनच्या राजाच्या 1492च्या हुकुमाने ज्यूंना सिसिली सोडावी लागली. त्यांचं धार्मिक स्नानाचं कुंड जमिनीखाली खोल बुजून गेलं होतं, ते एका जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत सापडलं. तिथे आत सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा सकाळीच चौकशी करून ठेव. आणि चपला घसरणाऱ्या नकोत. दुओमोच्या चौकातली चुनखडीची फरशी गुळगुळीत झालीय.