हळद शिजविण्याचे जळण व त्याची बचत

हिंगोली जिल्ह्यात माघ-फाल्गुनाच्या दिवसांत वसमत, कळमनुरी किंवा औंढा नागनाथ या तालुक्यांतून जाणाऱ्या वाटसरूस शिवारांतून धूर उठताना दिसतो. हा धूर हळदीच्या भट्ट्यांचा होय. येथील हळदीचा लौकिक जुना असून २०२४ मध्ये 'वसमत हळद' या नावाने तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. लागवड, बेणे, खते व ठिबक यांविषयी शेतकरी बंधू आता पुष्कळ जाणतात. परंतु काढणीनंतर जे जळण लागते, त्याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. बांधावरची बाभूळ तोडली की जळण फुकट मिळाले, असे समजण्याची आपली सवय आहे.

हा हिशेब एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. ओल्या हळदीत पाण्याचाच अंश अधिक असल्याने एक क्विंटल हळद २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे ६,८०० किलोकॅलरी पुरतात. कढईत ती बुडेल इतके, समजा ६० लिटर, पाणी घातले तर त्यासाठी आणखी ४,५०० लागतात. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून साधारणपणे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे कागदावर तीन किलो लाकडात एक क्विंटल हळद शिजावयास हवी. प्रत्यक्ष भट्टीवर उभे राहणाऱ्यास हा आकडा वाचून हसू येईल, आणि ते योग्यच आहे. उघड्या भट्टीत जाळ कढईच्या बाजूंनी निघून जातो. दहा भागांपैकी एकच भाग उष्णता कढईस लागते असे धरले, तर क्विंटलला तीस किलो लाकूड होते. एकरी शंभर क्विंटल ओली हळद निघाली, तर एका एकरास तीन टन लाकूड लागेल.

यात आणखी एक चोरवाट आहे. पाणी एकदा उकळू लागले की त्याचे तापमान वाढत नाही. जाळ कितीही वाढविला तरी हळद लवकर शिजत नाही, केवळ पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास ५४० किलोकॅलरी खर्च होतात. कढईतील दहा लिटर पाणी उडून गेले, तर ५,४०० किलोकॅलरी गेल्या. साठ लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास याहून कमी उष्णता लागली होती. यास्तव कढईच वापरावयाची असेल, तर ती गोणपाटाने व हळदीच्या पाल्याने नीट झाकावी, उकळी येताच जाळ कमी करावा आणि जाळ बाहेर पडू नये म्हणून भट्टीच्या कडा मातीने लिंपून घ्याव्यात.

वाफेवर शिजविण्याची पद्धत मात्र याहून बरीच सरस आहे. तिच्यात बॉयलरमध्ये वाफ तयार करून ती नळाने हळद भरलेल्या पिंपांत सोडतात. वाफ थंड कंदांस लागली की तिचे पाणी होते व तीच ५४० किलोकॅलरी उष्णता ती कंदांस देते. त्यामुळे एका क्विंटलसाठी हिशेबाने साडेबारा लिटर पाण्याची वाफ पुरेशी होते. नळातून व पिंपातून वाया जाणारी वाफ धरून काही अधिक लागेल, तरी साठ लिटर पाणी तापविण्याची गरज उरत नाही. एका पिंपातील हळद शिजत असता दुसरे भरता येते, म्हणून जाळ मोकळा जात नाही. बॉयलरमधील पाण्याची पातळी व सुरक्षा झडप रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहिलीच पाहिजे. अडकलेल्या झडपेने माणसाचा जीव जाऊ शकतो.

पद्धत कोणतीही असो, गड्डे व हळकुंडे वेगवेगळी शिजवावीत, कारण त्यांस लागणारा वेळ निराळा असतो. एकत्र शिजविल्यास हळकुंडे जास्त शिजून रंग उतरतो, अथवा गड्डे कच्चे राहतात. शिजलेल्या कंदात काडी सहज आरपार जाते. जास्तीचा जाळ म्हणजे जळणाचे व मालाचे असे दुहेरी नुकसान होय.

आता जळण कोणते वापरावे? तीन टन वाळलेले लाकूड जाळले म्हणजे सुमारे साडेपाच टन कर्बवायू हवेत जातो. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढले तर तो वायू कालांतराने पुन्हा शोषला जातो. बांध मात्र उघडा राहिला तर तो हवेतच राहून पृथ्वीची उष्णता वाढवितो. तुराट्या व पऱ्हाट्या दरवर्षी शेतातच तयार होतात, म्हणून त्यांचा उपयोग आधी करावा. पऱ्हाटी वेळीच उपटून जाळल्याने गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो, पण तिचा ढीग उन्हाळाभर घराशेजारी रचून ठेवला तर तो लाभ मिळत नाही. सोयाबीनचे भुसकट जनावरांस अथवा खताच्या खड्ड्यात द्यावे. ते शेतात पेटविणे हा निव्वळ तोटा आहे.

गोबरगॅसवर हळद शिजवता येईल काय, असा प्रश्न काही शेतकरी विचारतात. एका घनमीटर वायूपासून सुमारे ४,७०० किलोकॅलरी उष्णता मिळते. निम्मी वाया गेली असे धरल्यास क्विंटलला तीन घनमीटर व एकरास तीनशे घनमीटर वायू लागेल. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रास तो देण्यास पाच महिने लागतील. तेव्हा असा सल्ला कोणीही देऊ नये. गोबरगॅसची खरी जागा स्वयंपाकघरात आहे. आपल्या राज्यास ही विद्या नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठाश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू मिळविण्यात आला होता. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. त्यापासून दिवसाला सात किलो लाकडाचे काम होते व घरातील बायकांचे डोळे धुरापासून वाचतात. बाहेर पडणारी मळी हळदीच्या सरीत घालता येते. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर हे खत चुलीतच जाते.

ज्यांच्या विहिरीस रात्रीच्या पाळीने वीज मिळते, त्यांनी सौर पंपाचाही विचार करावा. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी पाच टक्के ठरविण्यात आला.

ग्रामसेवकांनी यंदा गावातील एक कढई व एक बॉयलर निवडून प्रत्येकी दहा क्विंटल हळदीस लागलेले जळण काट्यावर मोजावे. लाकूड ओले की वाळलेले, पाणी किती घातले, किती उरले व किती वेळ लागला, याची नोंद वहीत करावी. जळण भट्टीत जाण्यापूर्वीच तोलले पाहिजे, मागाहून अंदाजाने लिहिलेला आकडा कामाचा नाही. हे आकडे चैत्रातील गावसभेत वाचून दाखवावेत.