मेकॅनिकलची मुलगी, मेकॅनिकल वाजवते!

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये मी पहिल्यांदा स्टेजवर टेनर सॅक्सोफोन वाजवला. चार मिनिटं. एकही सूर चुकला नाही, ताल सुटला नाही, टाळ्याही पडल्या. विंगेत आल्यावर एक सीनियर म्हणाला, "मेकॅनिकलची मुलगी, एकदम मेकॅनिकल वाजवते!" सगळे हसले, मीही हसले. रात्री रूमवर मैत्रिणीच्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि हसू गेलं. तो खरं बोलला होता. सूर बरोबर, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आणि भाव म्हणाल तर कुकरच्या शिट्टीला असतो तेवढाच!

वाद्य माझं नव्हतं, आमच्या सरांचं होतं. सर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. वाद्य परत देऊन टाकायचं असं ठरवूनच मी रविवारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बाळ, बोटांचं झालं. आता श्वासाकडे बघ. दिवाळीपर्यंत गाणं वाजवायचं नाही." त्या काळात जे शिकले ते इथे लिहिते आहे. बासरी, माउथ ऑर्गन किंवा सनई वाजवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

१. आधी वाद्य समजून घ्या

बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं तरी ते बासरी-क्लॅरिनेटच्या घराण्यात मोडतं, कारण आवाज निघतो तो माउथपीसला बांधलेल्या रीडमधून. रीड म्हणजे बोरूसारख्या पोकळ गवताची तासलेली पट्टी. आपण फुंकतो तेव्हा ती थरथरते. टेनरच्या सगळ्यात खालच्या सुराला सेकंदाला साधारण १०४ वेळा!

नळी माउथपीसकडे निमुळती आणि पुढे रुंद होत जाते. म्हणून तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे हार्मोनिक्स मिळतात. क्लॅरिनेटची नळी सरळ असते, त्यामुळे त्याच्या खालच्या सुरांत एक, तीन, पाच असे विषम हार्मोनिक्स जोरात असतात. एकच सूर दोन माणसांनी त्याच वाद्यावर वाजवला तरी आवाज वेगळा येतो, तो याच हार्मोनिक्सच्या कमी-जास्त प्रमाणामुळे. आणि ते प्रमाण बोटं ठरवत नाहीत. ते ठरतं श्वास, ओठ, घसा, माउथपीस आणि रीड यांच्यावर. मी सगळी मेहनत बोटांवर केली होती, म्हणजे चुकीच्या पार्टवर तेल घातलं होतं.

२. खर्ज

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला स्टाफ नोटेशन वाचता येत होतं, पण खर्जाचा रियाज म्हणजे काय हे माहीत नव्हतं. गाणारे लोक पहाटे खालचा एकच सूर लावून बसतात ना, तेच सॅक्सोफोनवर करायचं. पाश्चात्त्य लोक त्याला लाँग टोन म्हणतात.

मेट्रोनोम ६० वर ठेवा. मधला जी घ्या, कारण तो सोपा आहे. अगदी हळू सुरू करा, आठ मात्रांत आवाज वाढवा, आठ मात्रांत परत विरून जाऊ द्या. समोर ट्यूनर ठेवा. (टेनरवर जी वाजवला की ट्यूनर एफ दाखवतो. घाबरू नका, वाद्याची रचनाच तशी आहे.) काटा हलता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात माझा काटा वायपरसारखा फिरत होता. आवाज वाढला की एकीकडे, कमी झाला की दुसरीकडे. मग एकेक सूर खाली जात शेवटच्या बी फ्लॅटपर्यंत पोचायचं. रोज १५ मिनिटं.

श्वास खांदे उचलून घेऊ नका. बरगड्या आणि पोट फुगू द्या. आणि हळू वाजवताना श्वासाचा जोर सोडू नका, इथे सगळे चुकतात. नळाखालच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी कमी येतं पण लांब उडतं, तसा श्वास हवा.

३. ओठ : चावू नका!

वरचे दात माउथपीसवर टेकलेले, खालचा ओठ दातांवर थोडा वळवलेला, आणि तोंडाच्या कडा पिशवीच्या नाडीसारख्या सगळ्या बाजूंनी आवळलेल्या. वरचा सूर लागला नाही की शिकणारा माणूस जबड्याने रीड चावतो. सूर लागतो, पण चढा आणि चिरका. माझा पत्र्याचा डबा तो हाच.

यावर सरांनी सोपी टेस्ट दिली. माउथपीस वाद्यापासून काढायचा आणि नुसता तोच वाजवायचा. टेनरच्या माउथपीसमधून ट्यूनरवर जीच्या आसपासचा सूर यायला हवा. माझा त्याच्या बराच वर जात होता. म्हणजे मी चावत होते. जबडा सैल करत करत तो सूर खाली आणायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात अर्धा डबा नाहीसा झाला.

रीडही बघा. शिकणाऱ्याने दोन किंवा अडीच नंबरची घ्यावी. जाड रीड लावली की आपोआप भारदस्त आवाज येतो हा गैरसमज आहे. उलट माणूस जास्त चावतो. तीन-चार रीड आलटूनपालटून वापरा आणि वाजवून झालं की पुसून सपाट ठेवा.

४. बोटं तीच, सूर वेगळे

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण यात फिजिक्स हाताला लागतं. खालच्या बी फ्लॅटची बोटं धरा. त्याला सा समजा. आता बोटं न हलवता, ऑक्टेव्हची कळ न दाबता, फक्त घसा आणि जिभेची जागा बदलून वरचा सा काढा. मग त्याच्या वरचा प. मग आणखी वरचा सा. हे म्हणजे तेच दुप्पट, तिप्पट, चौपट हार्मोनिक्स! सिगर्ड राशर या वादकाने १९४१ साली या विषयावर पुस्तकच काढलं आणि जगभर अजून त्यावरून शिकतात.

कसं करायचं हे शब्दांत सांगणं कठीण आहे. सूर आधी मनात गा, मग फुंका. 'आ' म्हणताना आणि 'ई' म्हणताना जीभ कुठे असते बघा, तेवढाच फरक करायचा आहे. मला प काढायला महिना लागला. पण त्यानंतर नेहमीच्या बोटांनी वाजवलेला साधा सूरही भरीव येऊ लागला.

५. आता भाव

दिवाळीनंतर सर म्हणाले, "गाणं आण. पण आधी म्हणून दाखव." मी लाजत म्हटलं. गाताना मी कुठे थांबले, कुठल्या अक्षरावर जोर दिला, कुठे श्वास घेतला, ते त्यांनी पेन्सिलीने कागदावर लिहिलं. मग तसंच वाजवायला लावलं. गॅदरिंगच्या वेळी मी ओळीच्या मधेच कुठेही श्वास घेत होते, हे तेव्हा कळलं. बोलताना आपण 'पाऊस प' म्हणून दम खाऊन 'डतोय' म्हणतो का?

बाकी युक्त्या अशा. जीभ रीडच्या टोकाला 'त' म्हणून लावली तर सुरुवात टणक, 'द' म्हणून लावली तर मऊ. सूर संपवताना जीभ आपटू नका, श्वासाने विरू द्या. व्हायब्रेटो जबड्याने करायचा, 'वा-वा' म्हणतो तसा. आधी एका मात्रेत तीन लाटा, मग चार. पण भाजीत मीठ घालतो तेवढाच. प्रत्येक सुरावर घातला तर सूर कापरा वाटतो.

६. ऐका

१९३९ सालचं कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल' ऐका. जाड, भरलेला आवाज. मग लेस्टर यंग ऐका. तेच टेनर, पण हलकं. मग बेन वेबस्टर, ज्याच्या सुराबरोबर श्वासही ऐकू येतो. आपल्याकडे कद्री गोपालनाथ यांनी आल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीतातले गमक काढले. कोणाचाच आवाज दुसऱ्यासारखा नाही. त्यांची नक्कल करून बघा, पण मग स्वतःचं रेकॉर्डिंगही ऐका. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक नसलेली सिस्टिम भरकटते. मी वर्षभर ओपन लूपमध्ये वाजवत होते!

राहिला प्रश्न हॉस्टेलमध्ये वाजवायचं कुठे. सॉनी रोलिन्स १९५९ साली चांगला नावाजलेला होता, तरी आपलं वाजवणं सुधारायचं म्हणून त्याने कार्यक्रम थांबवले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवत असे. आपल्याकडे पूल नाही, गच्ची आहे. रेक्टर मॅडमनी संध्याकाळी सहा ते सात परवानगी दिली आहे, त्याबद्दल त्यांचे आणि सगळ्या मजल्यांचे आभार!

माझी रूममेट पहिले दोन महिने कानात कापूस घालून सबमिशन लिहायची. गेल्या आठवड्यात मी खाली आले तर मान वर न करता म्हणाली, "आज तिसऱ्या ओळीत मधेच दम घेतलास ना?" घेतला होता. म्हणजे कापूस कधीतरी निघाला होता, आणि बाईसाहेब ऐकत होत्या.

यंदाच्या गॅदरिंगला मी नाव दिलं आहे. तेच गाणं. तो सीनियर पास होऊन गेला, नाहीतर पहिल्या रांगेत बसवला असता. सूर एखादा चुकला तर चुकू दे.